माणशी दोनशे रुपये: इंदूरजवळच्या नऊ गावांचं प्रकरण

जून २०११ मध्ये मध्य प्रदेशातल्या इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत दर महिन्याला पैसे वाटायला सुरुवात झाली. मोठ्या माणसाला २०० रुपये, लहान मुलामागे १०० रुपये. मुलांचे पैसे आईच्या हातात, आई नसेल तर जो सांभाळतो त्याच्या हातात. वर्षभराने रक्कम ३०० आणि १५० झाली. २०१२ च्या अखेरीस वाटप थांबलं. मधल्या काळात याच भागातल्या एका भिल्ल वस्तीच्या गावालाही वर्षभर ३०० आणि १५० या दराने पैसे मिळाले. सगळे धरून सहा हजारांहून जास्त माणसं.

पैसे सरकारचे नव्हते. युनिसेफने निधी दिला आणि 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने प्रयोग चालवला. सेवाच्या रेनाना झाबवाला, अर्थतज्ज्ञ गाय स्टँडिंग आणि समाजशास्त्रज्ञ सरथ दवाला ही त्यामागची प्रमुख मंडळी. जनधन खाती यायची होती, आधार अजून सगळीकडे पोचलं नव्हतं, थेट लाभ हस्तांतरण हा शब्दप्रयोगही गावात कुणी ऐकलेला नव्हता.

आज महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेवर चावडीपासून विधानसभेपर्यंत वाद चालतो. फुकट दिलं की माणूस आळशी होतो, पैसा दारूत जातो, बाईच्या नावावर आला तरी नवराच काढून घेतो, असं एक बाजू छातीठोकपणे सांगते. दुसरी बाजू तितक्याच जोरात सांगते की बायकांचं भलं झालं. मोजून कुणीच बोलत नाही. इंदूरजवळ मात्र मोजलं गेलं. पैसे मिळण्याआधी मोजलं, मिळत असताना मोजलं, शेवटी पुन्हा मोजलं. म्हणून हे प्रकरण मला नीट मांडावंसं वाटतं.

बांधणी

पैसे मिळालेल्या आठ गावांच्या जोडीला तशाच बारा गावांची पाहणी होत राहिली. तिथे पैसे दिले नाहीत. पैसे मिळालेल्या आठांपैकी चार गावांत सेवाचं काम आधीपासून होतं, चार गावांत नव्हतं. पाठीशी संघटना असली तर त्याच पैशाचा उपयोग वेगळा होतो का, हे त्यातून बघायचं होतं. भिल्ल गावालाही तुलनेसाठी एक जोडीचं गाव होतं.

अटी जवळजवळ नव्हत्या. सुरुवातीच्या पाहणीच्या वेळी गावात राहणारा प्रत्येक जण पात्र, मग तो भूमिहीन असो की वीस एकरवाला. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलांची शाळेतली हजेरी, लसीकरणाची नोंद, काही मागितलं नाही. ठरावीक मुदतीत खातं उघडा, एवढंच सांगणं होतं. पैसे कशावर खर्च करायचे याबद्दल कार्यकर्त्यांनी सल्ला द्यायचा नाही, हेही ठरलेलं होतं. संघटनेत काम केलेल्या कुणालाही विचारा, लोकांना चार शब्द न सांगता गप्प बसणं किती कठीण असतं!

श्रीमंतांनाही पैसे का दिले, असा प्रश्न लगेच मनात येतो. मला तो निर्णय पटतो. गरीब कोण हे ठरवायला बसलं की यादी करणाऱ्याच्या हातात सत्ता जाते, आणि आपल्याकडे दारिद्र्यरेषेच्या याद्या कशा होतात हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शिवाय सगळ्यांना मिळतंय म्हटल्यावर कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही. दोनशे रुपये बड्या शेतकऱ्याच्या खिजगणतीत नसतात, मजुराच्या घरात त्यावर आठवडा निघतो.

रकमेचा हिशेब

रक्कम तरी केवढी? नवरा-बायको आणि तीन मुलं असं घर धरलं तर पहिल्या वर्षी महिन्याला ७०० रुपये, नंतर १,०५०. त्या वर्षी मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १२२ रुपये होती. म्हणजे पाच माणसांच्या घराला सहा दिवसांच्या मजुरीइतकेही पैसे मिळत नव्हते. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली २०११-१२ ची ग्रामीण दारिद्र्यरेषा माणशी महिना ८१६ रुपये होती. २०० रुपये म्हणजे तिचा जेमतेम चौथा हिस्सा. यावर कुणी घरी बसून खाईल, ही भीती आकडा पाहिल्यावरच निघून जायला हवी.

प्रयोग करणाऱ्यांनी रक्कम मुद्दाम अशी बेताची ठेवली होती. जगायला पुरणार नाही, पण हाताला आधार होईल. शिवाय हे पैसे रेशनच्या बदल्यात नव्हते. रेशन, रोजगार हमी, अंगणवाडी, सगळं आपापल्या जागी चालू होतं आणि वर हे पैसे. पुढच्या वादात ही गोष्ट नेमकी विसरली जाते, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

सुरुवातीचे महिने

सुरुवातीला लोकांना संशय आला. कुणी काही मागत नाही आणि पैसे देतो, यात काहीतरी डाव असणार. काही घरांनी पैसे नाकारले. शेजाऱ्यांना महिनोन्महिने मिळत राहिले आणि बदल्यात कुणी काही मागायला आलं नाही, हे पाहिल्यावर त्यातले बरेचजण आले.

खरा घोळ बँकेचा होता. पहिले काही महिने रोख हातात दिली, पुढे खात्यात. तेव्हा गावातल्या बाईने बँकेत खातं उघडायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, बसचं किंवा टेम्पोचं भाडं भरायचं, फोटो काढायचे, राहत्या जागेचा पुरावा मिळवायचा, आणि काउंटरवरच्या माणसाने 'उद्या या' म्हटलं की परत फिरायचं. कार्यकर्ते सोबत गेले, बँकेच्या लोकांशी बोलले आणि काही महिन्यांत जवळपास सगळ्यांची खाती उघडली. काही गावांत सेवाच्या महिला सहकारी पतसंस्थेतून पैसे मिळाले. जनधनच्या आधी, हजारो खेडुतांची स्वतःच्या नावाची खाती अशी तीन-चार महिन्यांत उघडता येतात, हे या प्रकरणातलं पहिलं फळ. पुढे ज्या घरांत बचत वाढली तिला ठेवायला जागा इथे तयार झाली.

ताट, औषध, शाळा, घर

पैसे कुठे गेले? आधी ताटात. भाजी, डाळ, फळं जास्त येऊ लागली, बाजारातून धान्य घेणं वाढलं. भिल्ल गावात फरक सगळ्यात ठळक होता. आपल्या कमाईत घराचं पोट भरतं असं सांगणाऱ्या कुटुंबांचा वाटा तिथे चांगलाच वाढला. लहान मुलांची वजनं घेतली गेली, तर वयाच्या मानाने वजन सुधारलेलं आढळलं, आणि मुलींमध्ये ती सुधारणा जास्त होती. याचा अर्थ उघड आहे. घरात कमी पडतं तेव्हा मुलीच्या ताटात आधी कमी पडतं. पुरेसं आलं की तिचं ताट आधी भरतं.

औषधांचं तसंच. दुखणं अंगावर काढायचं, फारच झालं तर उचल घेऊन दवाखाना गाठायचा, ही मजुराच्या घरातली रीत. पैसे मिळालेल्या घरांत औषधाचा पूर्ण कोर्स घेण्याचं प्रमाण वाढलं आणि किरकोळ आजार कमी झाले. टीबीची किंवा रक्तदाबाची गोळी बरं वाटलं की बंद करणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणतो. गोळी संपल्यावर दुसरी आणायला त्याच्या खिशात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

शाळेवरचा खर्च वाढला: वह्या, बूट, गणवेश, माध्यमिक शाळेपर्यंत जायचं भाडं. वरच्या वर्गातल्या मुलींना याचा फायदा झाला, कारण सातवी-आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असते आणि मुलीला रोज वाहनाने पाठवायचं तर पैसे लागतात. मुलांचं काम थांबलं असं नाही, पण बाहेरच्या मजुरीऐवजी ती घरच्या शेतात हात लावू लागली. शाळा सांभाळून ते जमतं.

घरांची डागडुजी झाली. छप्पर शाकारलं, भिंती लिंपल्या, काही ठिकाणी संडास बांधले गेले. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात राहिलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

सावकार आणि सालगडी

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. दोनशे रुपयांनी दोनशे रुपयांपेक्षा जास्त काम केलं, ते इथे.

माळव्यात, म्हणजे इंदूरच्या या भागात, सोयाबीनची पेरणी पहिल्या पावसाबरोबर, जून-जुलैत. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले तीन महिने गरीब घराच्या हातात दमडी नसते आणि खर्च मात्र त्याच काळात: बियाणं, खत, फवारणी, शाळा सुरू होते, पावसाळी आजार येतात. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायची गरज नाही, तिथेही पीक तेच आणि तारखाही त्याच.

समजा एका घराने पेरणीला २,००० रुपये शेकडा पाच दराने काढले. म्हणजे महिन्याला १०० रुपये व्याज. पाच महिन्यांनी सोयाबीन विकून फेडायचं तर व्याजच ५०० रुपये. पण सावकाराची खरी कमाई व्याजात नसते. बऱ्याच ठिकाणी तोच खताचा दुकानदार असतो, तोच मालाचा खरेदीदार. त्याच्याच दुकानातून तो म्हणेल त्या भावाने खत घ्यायचं, काढणी झाली की त्याच्याच काट्यावर माल घालायचा, तेही भाव पडलेले असताना. तो शेताचा मालकही असेल तर काढणीच्या दिवसांत आपलं शेत सोडून आधी त्याच्या शेतावर जायचं, चालू दरापेक्षा कमी मजुरीत. उधारीची किंमत अशी चार ठिकाणी चुकती होते आणि वहीत फक्त एका ठिकाणी लिहिलेली असते.

या भागातल्या आदिवासी गावात तर याहून जुनी रीत चालू होती. लग्नाला, आजारपणाला मोठी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत मालकाकडे वर्षाच्या बोलीवर राबायचं. आपल्याकडचा सालगडी तो हाच. साल संपताना हिशेब होतो आणि बहुतेक वेळा बाकी उरतेच, म्हणून पुढचं साल.

आता यात महिन्याला ७०० रुपये नियमित येऊ लागले तर काय होतं बघा. २,००० चं खत ७०० रुपयांत येत नाही. पण किराणा, औषध, वही-पेन्सिल यांसाठी जी किरकोळ उधारी दर आठवड्याला व्हायची ती थांबते. पेरणीसाठी दोन हजारांऐवजी हजार काढावे लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पुढच्या महिन्यात पैसे येणारच आहेत हे ठाऊक असल्याने नातेवाईक आणि शेजारी बिनव्याजी उसने द्यायला तयार होतात, कारण परत मिळण्याची खात्री असते. सावकाराकडे जाणं हा एकच मार्ग राहत नाही. आणि ज्याच्याकडे दुसरा मार्ग आहे तो भाव करू शकतो.

गाय स्टँडिंग यांनी याची मांडणी फार नेमकी केली आहे. खेड्यात पैसा हीच टंचाईची वस्तू असते, आणि टंचाईतली वस्तू महाग होते. ज्याच्याजवळ रोकड असते तो तिची हवी ती किंमत लावतो. गावात सगळ्यांच्याच हातात थोडी थोडी रोकड आली की ती टंचाई सैल पडते. म्हणून एकट्या घराला पैसे देणं आणि सबंध गावाला देणं, यांचे परिणाम वेगळे. सबंध गावाला मिळाले की शेजारी-शेजाऱ्यातली उसनवारी जागी होते, आणि सावकाराशी स्पर्धा करायला ती पुरेशी ठरते.

पाहणीत हेच दिसलं. पैसे मिळालेल्या घरांत जुनं कर्ज फेडणं आणि नवं कर्ज टाळणं वाढलं, बचत वाढली. आणि आळसाच्या मुद्द्याचं उत्तरही याच ठिकाणी आहे. काम कमी झालं नाही, वाढलं. मात्र कामाची जात बदलली. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी होऊन स्वतःच्या जमिनीवरचं, स्वतःच्या धंद्यातलं काम वाढलं. चांगलं बियाणं आणलं, शेळ्या-गुरं घेतली, शिलाई मशीन आलं, छोटं दुकान निघालं, मोडलेलं अवजार दुरुस्त झालं. भिल्ल गावात हा बदल सगळ्यात मोठा होता. तिथे जमिनीचे तुकडे होते, पण त्यात घालायला पैसा नव्हता म्हणून माणसं आपली जमीन पडीक ठेवून दुसऱ्याकडे राबत होती.

'मजूर मिळत नाहीत' अशी तक्रार आज महाराष्ट्रातही बागायतदारांकडून ऐकू येते आणि तिचा दोष लाडक्या बहिणीला दिला जातो. इंदूरचा अनुभव समोर ठेवला तर त्या तक्रारीचा दुसरा अर्थ लागतो. मजूर कामाला जातोय, पण ठरलेल्या दराने, ठरलेल्या मालकाकडे, डोकं खाली घालून जायचं बंधन थोडं सुटलंय. मला यात वाईट काही दिसत नाही.

बाईच्या नावाचे पैसे

पैसे माणशी होते, कुटुंबाला नव्हते. सून, सासू, अपंग दीर, म्हातारा सासरा, प्रत्येकाचं खातं वेगळं. घरात ज्याचं काही चालत नाही त्याच्याही नावाने महिन्याला काहीतरी येतं, म्हटल्यावर त्याचं औषध विसरलं जात नाही. म्हातारी आणि अपंग माणसं यांना या प्रयोगाचा चांगला फायदा झाल्याचं निष्कर्षांत आलं. दलित आणि आदिवासी घरांना तो वरच्या जातींपेक्षा जास्त झाला. साहजिक आहे, तेवढ्याच रुपयांना तिथे जास्त वजन होतं.

बायकांबद्दल स्टँडिंग एक प्रसंग सांगतात. सुरुवातीला ओळखपत्रासाठी फोटो काढायचे होते तेव्हा एका गावातल्या तरुण बायका डोक्यावरून पदर ओढून आल्या होत्या. पुढे काही महिन्यांनी त्याच गावात गेल्यावर त्या तोंड न झाकता वावरताना दिसल्या. कारण विचारलं तेव्हा एकीने जे सांगितलं त्याचा आशय असा: आधी वडीलधारे म्हणतील तसं वागावं लागायचं, आता आमचे स्वतःचे पैसे आहेत. एका प्रसंगावरून सगळ्या गावांचा निष्कर्ष मी काढणार नाही. पण पदर घेणं ही तिथे केवळ रीत नव्हती, घरात कुणाचं चालतं याची ती खूण होती, आणि त्यात बदल व्हायला दोन-तीनशे रुपये पुरले, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

स्वतःचा लहानसा धंदा सुरू करण्यातही बायका मागे राहिल्या नाहीत. शिलाई मशीन हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. एका मशीनला काही महिन्यांचे पैसे साठवावे लागतात. सासू-सुनेचे एकत्र केले तर लवकर जमतं.

दारूबद्दल थोडक्यात. दारूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण समजायला अवघड नाही: पैसे थोडे होते, ठरल्या दिवशी येत होते, आणि त्यातला मोठा हिस्सा बायकांच्या हातात होता.

हे प्रकरण काय सिद्ध करत नाही

जितकं सांगितलं तितकंच. दीड वर्षाचा काळ छोटा आहे. पैसे थांबणार हे लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे काहींनी ते एखादी टिकाऊ वस्तू करायला वापरले असतील. कायमची रक्कम असती तर वागणं वेगळं झालं असतं का, ते इथे कळत नाही. ज्यांनी प्रयोग चालवला तेच सगळ्यांना विनाअट पैसे देण्याच्या विचाराचे समर्थक होते, हेही वाचकाने ध्यानात ठेवावं. इंदूर हे मोठं शहर जवळ आहे, बाजार आहे, रस्ते आहेत. जिथे दुकानच दहा मैलांवर, तिथे नोट खाऊन पोट भरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेशन बंद करून रोख द्या, असं हे प्रकरण म्हणत नाही. पुढच्या काळात ते तसं वापरलं गेलं. सप्टेंबर २०१५ पासून चंडीगड आणि पुद्दुचेरीत, आणि पुढे दादरा-नगर हवेलीच्या काही भागात, धान्याऐवजी पैसे द्यायला सुरुवात झाली. पण अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०११ मध्ये नऊ राज्यांत केलेल्या पाहणीत बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांनी पैशापेक्षा धान्य पसंत केलं होतं. छत्तीसगड, आंध्र प्रदेशसारख्या राज्यांत, जिथे रेशन नीट मिळत होतं, तिथे तर जवळपास सगळ्यांनी. बिहारमध्ये दुकानात धान्यच हाती लागत नव्हतं, तिथे मात्र कल रोखीकडे होता. लोकांना आपलं हित कळतं. धान्याचा भाव वाढला तरी रेशनचं पोतं तेवढंच भरतं, दोनशे रुपयांचं तसं नाही. मला विचाराल तर धान्य राहू दे आणि वर पैसे द्या. इंदूरजवळ नेमकं तेच झालं होतं.

२०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर, म्हणजे प्रत्येकाला विनाअट ठरावीक रक्कम देण्याच्या कल्पनेवर, एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा आकडा चर्चेसाठी मांडला. तो चर्चेतच राहिला. राज्यांनी मात्र वेगळी वाट धरली.

महाराष्ट्राशी संबंध

मध्य प्रदेशानेच २०२३ मध्ये लाडली बहना सुरू केली. तिच्या पावलावर महाराष्ट्राने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली: २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या स्त्रीला महिना १,५०० रुपये. महागाईचा ढोबळ हिशेब केला तर २०११ मधले ७०० रुपये, म्हणजे इंदूरजवळच्या पाच माणसांच्या घराला मिळत होते तेवढे, आज साधारण याच घरात बसतात. रक्कम मग जवळपास तीच आहे. पद्धत मात्र अगदी निराळी आहे, आणि माझ्या मते फरक तिथेच पडतो.

इंदूरजवळ महिना ठरलेला होता. महाराष्ट्रात पहिले दोन हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये एकदम आले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेआधी एकदम आले, आणि निकालानंतर अर्जांची छाननी सुरू झाली. २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. अपात्र माणसांनी पैसे घेऊ नयेत हे मलाही मान्य आहे. पण हप्ता कधी येईल, येईल की नाही, आपलं नाव यादीत आहे की गळालं, हे ज्या बाईला महिनाअखेरपर्यंत कळत नाही, तिला शेजारीण त्या हप्त्याच्या भरवशावर उसने देत नाही. दुकानदार थांबत नाही. तिला सावकाराकडेच जावं लागतं. पैसे तेवढेच आले तरी सावकाराची पकड सैल करण्याचं काम ते करत नाहीत.

खात्रीचं हे महत्त्व केनियातही दिसलं. सियाया आणि बोमेट परगण्यांत गिव्हडायरेक्टली या संस्थेने काही गावांना दरमहा पैसे बारा वर्षं देण्याचं वचन दिलं, काहींना दोनच वर्षं, आणि काहींना तेवढीच दोन वर्षांची रक्कम एकदम दिली. दोन वर्षांनंतर मोजलं तेव्हा धंदे उभे करण्यात एकरकमी आणि बारा वर्षांवाले पुढे होते. बारा वर्षांच्या गावांत लोकांनी भिश्या लावल्या आणि महिन्याच्या हप्त्यांची गठ्ठ्याने रक्कम करून घेतली. भिशी लावायची तर पुढचे हप्ते येणार याचा भरवसा लागतो. दोन वर्षांच्या गावांत तो नव्हता.

लाडकी बहीण चालू ठेवायची तर माझ्या तीन मागण्या आहेत. हप्त्याची तारीख जाहीर करा आणि ती पाळा, रोजगार हमीच्या मजुरीला जसा पंधरा दिवसांचा कायदा आहे तसा याही पैशाला करा. नाव काढायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीत यादी लावा, बाईला कारण लेखी कळवा, म्हणणं मांडायला मुदत द्या, तोवर पैसे चालू ठेवा. आणि मोजा. कोट्यवधी बायकांना पैसे देणारं राज्य एक साधी पाहणी करू शकत नाही, हे मला पटत नाही. नंदुरबारचा धडगाव, गडचिरोलीचा भामरागड, बीडमधला ऊसतोड मजुरांचा एखादा तालुका घ्या. किती लाभार्थी, किती वाटप, हे आकडे सरकारच्या जाहिरातीत असतातच. बाईच्या दारात बसून विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. या वर्षी पेरणीला खत उधारीवर आणलं का? आणलं तर कुणाकडून, शेकडा किती? मुकादमाची उचल गेल्या वर्षीपेक्षा कमी घेतली का? सोयाबीन निघाल्या निघाल्या विकलं की भाव बघून थांबता आलं?